उलटे आटे

वॉल्सॉलमध्ये, कालव्याला पाठ करून बसलेल्या दुकानात
जिन्याखाली एक वही आहे.
तिच्यात बायकांच्या मांड्यांची मापं आहेत.
गुडघ्यामागच्या खळग्यापासून पाठीच्या बुडापर्यंत,
फक्त उजव्या.
मिस ऑर्फा लँगली, साडेएकोणीस इंच.
कर्नलसाहेबांची धाकटी, अठरा, अजून वाढतेय.
लेडी ट्रेशम, बावीस, कुठे बोलू नये.

लेटी टॉंक्स वही उघडण्याआधी हात पुसते.
मेण तरीही राहतंच.

दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायचं खोगीर.
बीचचा सांगाडा, त्यावर पोलादी पट्टी,
डावीकडे दोन शिंगं:
वरच्यावरून उजवी मांडी,
खालच्याखाली डावी.
खालचं शिंग स्क्रूवर बसतं आणि त्याचे आटे उलटे.
घोडा उधळला की बाईचा पाय शिंगाला रेटतो.
सरळ आटे असते तर सैल झाले असते,
हे आवळत जातात.
कुणाला सुचलं, वहीत नाही.

दोन सुया, एक भोक, जवसाचा दोरा,
इंचाला दहा टाके.
ऊन असेल त्या दिवशी बारा.
मग लोकर.
खोगीरभरती हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी
एकदा येऊन बघावं:
लेटी चिमटीचिमटीनं पिंजते,
सळईनं आत लोटते, डोळे मिटून.
सुपारीएवढी गाठ राहिली
तरी घोड्याची पाठ सोलते,
आणि घोडा तक्रार लिहून पाठवत नाही.

बापानं तिला हे शिकवलं नव्हतं.
रूबेन टॉंक्सच्या दुकानात पोरींनी अस्तर शिवायचं.
आईनं एकेचाळीस वर्षं शिवलं.
बड्या घरची बाई स्वतः यायची नाही,
चिठ्ठीवर माप यायचं.
मग बैठक जमली का बघायला
आईला लाकडी घोड्यावर चढवत,
बोटात अंगुस्तान तसंच.
तिची मांड पक्की होती, लेटी सांगते,
जिवंत घोड्यावर कधी बसली नाही तरी.
बत्तिसाव्या पानावर एक माप आहे
वीस इंच,
नावाच्या जागी बापाच्या अक्षरात: नेहमीचं.

या मार्चात टॅम्सिन आली, टपाल वाटणारी,
उजवा पाय गुडघ्याखाली नाही.
मोटारसायकल, ओला रस्ता, पुढचं तिनं सांगितलं नाही
आणि लेटीनं विचारलं नाही.
टेप लावली.
खळग्यापासून बुडापर्यंत.
आहे तेवढ्यावर माप पुरं होतं.
बायकांचे पाय दिसू नयेत म्हणून
कुणीतरी काढलेली ही युक्ती,
आणि टॅम्सिन लाकडी घोड्यावर
मांडी शिंगावर टाकून बसते
ती हलेचना.
लेटीनं खांद्याला धरून ढकलून पाहिलं.
दोघी हसल्या, जरा जास्तच.

'ही बैठक इतकी का झिजलीय?' टॅम्सिननं खाली बघत विचारलं.
'नेहमीची बसायची,' लेटी म्हणाली,
आणि सळई शोधायला आत गेली,
सळई हातातच होती.

सांगाडे कोरणारा डेन्झिल गेल्या थंडीत गेला.
त्याच्या हातचे चार उरले होते फळीवर.
आता तीन.
मंगळवारी एक पोरगा येतो शिकायला,
टाका बरा घालतो, लोकरीला कंटाळतो.

वहीत टॅम्सिनचं नाव गेलंय, पूर्ण नाव,
त्यापुढे साडेअठरा.
मग लेटीनं पानं मागे उलटली, बत्तिसावर थांबली.
पेन उघडं होतं.
थोडा वेळ तसंच.

बाहेर टॅम्सिन शिंग आवळायला बघत होती.
ते सैल होत होतं.
'उलट,' लेटी आतून ओरडली,
'उलट फिरव, पोरी.'